मातृभाषेचा रकाना

माघ वद्य पंचमीला, बुधवारी, सकाळी साडेनऊ वाजता लीला गेली. शरद, आमचा मुलगा, पुण्याहून दुपारी आला. संध्याकाळी पांझरेच्या काठावर सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवसापासून घरात अहिराणी बंद झाली.

यातलं शेवटचं वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. आधीची तीन त्याच आठवड्यात लिहून झाली होती. चौथं सुचलं ते फाल्गुनात, स्वयंपाकघरात. मी ओट्याशी उभा राहून पेपर वाचत होतो आणि दूध उतू गेलं. शेगडी विझली, दूध फरशीपर्यंत आलं, आणि कोणी काही बोललं नाही. चाळीस वर्षं अशा वेळी पाठीमागून एक वाक्य यायचं, "ध्यान कोठे शे तुमनं?" त्या दिवशी ते आलं नाही. मी फडकं घेऊन खाली बसलो तेव्हा मला कळलं की माणूस जातं तेव्हा त्याच्याबरोबर घरातून एक भाषाही जाऊ शकते.

शरदचा फोन रविवारी सकाळी येतो. तो म्हणतो, "आप्पा, पुण्याला या. पाडव्यापर्यंत ठरवा, म्हणजे इथल्या घराचं काय करायचं ते बघता येईल." तो चांगला मुलगा आहे. त्याच्याकडे माझ्यासाठी खोली आहे, खोलीला खिडकी आहे, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर ग्रंथालय आहे. दर रविवारी मी त्याला "बघू" म्हणतो. खरं म्हणजे मी जाणार नाही. पण का जाणार नाही, हे फोनवर चार वाक्यांत सांगता येत नाही. त्यासाठी एकाहत्तर सालचा मार्च महिना सांगावा लागतो, आणि तो सांगायचा तर धुळ्याच्या गल्ल्यांतून पायी जावं लागतं. म्हणून लिहायला बसलो आहे. सावकाश लिहितो आहे. पाडव्याला अजून अवकाश आहे.

फाल्गुनात धुळ्याला वारा सुटतो. सकाळी तो गार असतो आणि अकराच्या पुढे तोच वारा तोंडावर गरम येतो. कडुनिंबाची पानं अंगणात गोळा होतात, झाडलं की पुन्हा होतात. पांझरेचं पात्र उघडं पडतं आणि वाळूत टरबुजाच्या वाड्या दिसायला लागतात. गच्च्यांवर, ओट्यांवर, जुन्या धोतरांवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे जाड पापड, वाळत पडतात, आणि त्या अर्धवट ओल्या असतानाच येणारा-जाणारा एकेक तुकडा मोडून तोंडात टाकतो. कुठल्यातरी घरी मिरच्या कांडायला घेतात आणि अख्खी गल्ली खोकते. मॅट्रिकची मुलं ओट्यावर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली असतात; त्यांतली निम्मी वाचतात आणि निम्मी बिबड्या राखतात. हे सगळं यंदाही आहे. मी काल पूल ओलांडून जुन्या धुळ्यात जाऊन पाहून आलो.

मी मूळचा जळगावचा. शनिपेठेत वाढलो. वडील कोर्टात कारकून होते आणि आमच्या घरातलं बोलणं अर्जासारखं होतं. "मला वरण वाढण्यात यावे" असं ते म्हणत नसत, एवढंच. शब्द चुकला तर जेवताना थांबून दुरुस्त करत. मला ते आवडायचं. चुकू नये, आणि दुसऱ्याचं चुकलेलं लगेच दिसावं, ही मला विद्वत्ता वाटायची. जळगावात पेठांना नावं आहेत, शनिपेठ, जोशी पेठ, बळीराम पेठ, नवी पेठ, आणि पेठ बदलली की बोलणंही थोडं बदलायचं. बाजाराच्या दिवशी बोदवडकडून, वरणगावकडून माणसं यायची. त्यांची बोली आणखी निराळी. आम्ही त्या सगळ्याला एकच शब्द वापरायचो, 'खेड्यातलं'. ते ऐकू यायचं, कळायचंही, पण ऐकण्यासारखं आहे असं वाटत नसे.

पासष्ट साली धुळ्याला शाळेत नोकरी लागली आणि मी तिथे खोली घेतली. धुळ्याच्या पेठेत गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. एक नंबर, दोन नंबर, चार नंबर. पहिल्या आठवड्यात एका पालकांनी मला सांगितलं, "मोठीला सहा नंबरात दिली, धाकटीचं चार नंबरात जमतंय," तेव्हा मला वाटलं हे परीक्षेतल्या क्रमांकाबद्दल बोलत आहेत. मी "छान, अभ्यास करून घ्या" असं म्हणालो. ते पालक पुढे कित्येक वर्षं मला भेटले की हसायचे.

हे नंबरांचं गाव पाहता पाहता मला पाठ झालं. आखलेल्या सरळ गल्ल्यांत राजस्थानातून आलेल्या जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांची घरं. खाली दुकान, वर घर, आणि सकाळी सातला धुतलेला ओटा. दुकानात ते अस्सल मराठी बोलत आणि मागच्या दारातून आत हाक मारत ती मारवाडीत. आग्रा रोडला गुजराती कापडवाले. मोलवीगंजात मागांचा खडखडाट, तिथे बोलायचं तर कानाजवळ जावं लागे. साक्री रोडच्या बाजूला फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं. मोगलाई वेगळी, माधवपुरा वेगळा. नदीच्या पलीकडे देवपूर, तिथे नोकरदारांचे नवे बंगले आणि कंपाउंडला मेंदी. आणि या सगळ्यांच्या आधीपासून असलेलं जुनं धुळं, जिथे गल्ली कुठे वळेल ते घरांनीच ठरवलेलं. या वस्त्या एकमेकींना चिकटून होत्या. सायकलवर दहा मिनिटं फिरलं की कानावरून पाच-सहा भाषा जायच्या. मी पुस्तक वाचत सायकल हातात धरून चालणारा माणूस होतो. माझ्या कानावरून त्या नुसत्या गेल्या.

एकाहत्तर साली निवडणूक उरकली आणि लगेच मार्चमध्ये जनगणना आली. दोन्ही कामं शिक्षकांच्याच गळ्यात. आमच्या शाळेतल्या प्रत्येकाला शहराचा एकेक तुकडा मिळाला. दर माणसामागे एक चिठ्ठी भरायची. नाव, वय, जन्म कुठे झाला, शिक्षण किती, काम काय, आणि मधे एक रकाना मातृभाषेचा. घरोघर जायचं, विचारायचं, लिहायचं. मला जुन्या धुळ्याचा एक भाग आला, सव्वाशे घरांचा.

लीला तेव्हा आमच्याच शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवायची. आमचं एकमेकांशी बोलणं खडू आणि हजेरीपुरतं. मी तिला 'लीलाबाई' म्हणे आणि ती मला 'सर'. तिला देवपूर आलं होतं. राहायची मात्र जुन्या धुळ्यात, विधवा आईबरोबर, आणि तिचं घर माझ्या सव्वाशेतलं होतं.

मी तिच्या घरी गेलो त्या सकाळी ती देवपुरात होती. तिची आई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणे, ओट्यावर बिबड्यांचं पीठ शिजवत होती. मला पाहून म्हणाली, "बठा मास्तर. उभा कसाले?" मग तिने चहा टाकला आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊन वर दुप्पट सांगितलं. माहेर पारोळ्याचं, किल्ल्याच्या मागे. नवरा सूतगिरणीत होता. मुलगी शिकली, कारण नवरा म्हणाला होता शिकव. ती हे सगळं अर्धा तास अहिराणीत सांगत होती. मला प्रत्येक शब्द कळत होता. आणि ती बोलत असतानाच मी दोन्ही चिठ्ठ्यांवर, मायलेकींच्या, मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' असं लिहिलं. विचारलं नाही. तोपर्यंत कोणालाच विचारलं नव्हतं. मराठी मुलखात मराठी माणसाला मातृभाषा विचारणं मला जरा हास्यास्पद वाटलं होतं. त्यात लीलाबाई तर मराठीच शिकवायच्या.

संध्याकाळी सगळे गणक शाळेच्या हॉलमध्ये जमत. आमच्यातले वयाने मोठे शिक्षक, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, ते पर्यवेक्षक होते. चिठ्ठ्यांचे गठ्ठे त्यांच्यापुढे ठेवायचे आणि ते तपासायचे. तो एक तास म्हणजे अख्खं धुळं एका सतरंजीवर बसल्यासारखं असे. चार नंबरातला गणक सांगे, "शेठजी म्हणाले, घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी, देवाशी हिंदी. यातलं कुठलं लिहू ते तुम्हीच सांगा." मोलवीगंजातला सांगे, "उर्दू लिहून घेतली. निघालो तेवढ्यात शेजाऱ्याशी पाण्यावरून जुंपली, आणि भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत अहिराणीत." सगळे हसत. नाना चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "भांडण लिहायचं नाही. भाषा लिहायची."

शेवटच्या आठवड्यात काम फार झालं म्हणून नानांनी लीलाला तपासायला जवळ बसवलं. तिचं अक्षर सुंदर आणि नजर बारीक. माझा गठ्ठा तिच्या हातात गेला. ती एकेक चिठ्ठी उलटत गेली. मी समोर बसून वाचत होतो, म्हणजे पान उघडं होतं. पंधरा-वीस चिठ्ठ्यांनंतर तिचा हात हळू झाला. मग थांबला.

"सर, हे कोणी सांगितलं?" तिने दोन चिठ्ठ्या माझ्याकडे सरकवल्या. एक अक्कांची, एक तिची.

"काय?"

"मातृभाषा."

"सांगायचं काय त्यात? तुम्ही मराठी शिकवता."

"माझी आई शिकवते का?"

नाना म्हणाले, "अहो बाई, जाऊ द्या. मराठीच ती. जरा वाकडी, एवढंच."

"नाना, तुमची सरळ कोणी केली?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. नाना हसले, पण मग हसू आवरून चिठ्ठीकडे बघायला लागले.

ती मला म्हणाली, "काय लिहायचं त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. लोक सांगतील ते लिहायचं, असंच आपल्याला शिकवलंय. तुम्ही विचारलंत का, एवढंच मी विचारते."

मला वर्गात कोणी इतक्या साध्या शब्दांत चूक दाखवली नव्हती. मी गठ्ठा उचलला. नाना म्हणाले, "तीन दिवस आहेत हं. सव्वाशे घरं आहेत." मी म्हणालो, "माहीत आहे." तेव्हा मी वीरासारखा वगैरे उठलो नव्हतो. मला घाम आला होता. दुसऱ्यांचं चुकलेलं शोधणारा माणूस मी, आणि माझ्या हातात सव्वाशे घरांची एकच चूक होती.

ते तीन दिवस मला आजही घरांच्या क्रमाने आठवतात. मी दारात उभा राहून एकच प्रश्न विचारत होतो आणि लोक माझ्याकडे काळजीने बघत होते, कारण मास्तर दुसऱ्यांदा आला म्हणजे काहीतरी चुकलं असणार. पहिल्या दारात एक शिंपी पायमशीन थांबवून म्हणाला, "मराठीच लिखा. पोऱ्याले नोकरी लागाले पायजे." मी म्हणालो, याचा नोकरीशी संबंध नाही. तो म्हणाला, "तुमले काय माहीत?" मी 'मराठी' तसंच ठेवलं. पुढच्या घरी दोन भाऊ होते. थोरला म्हणाला अहिराणी, धाकटा म्हणाला मराठी, आणि दोघांनी ते अहिराणीतच सांगितलं. मी दोघांचं म्हणणं दोन चिठ्ठ्यांवर लिहिलं. त्यांच्या आईने आतून विचारलं, "आनि मनं कोन लिखी?" तिचं मी पहिल्या वेळी थोरल्याला विचारून लिहिलं होतं. या वेळी तिला बाहेर बोलावलं.

गल्लीच्या टोकाला एक कुंभारीण राहायची. वय तिला माहीत नव्हतं, मी अंदाजाने सत्तर लिहिलं होतं. मी मातृभाषा विचारली तेव्हा तिला ती काय हे कळेना. मी म्हणालो, "तुम्ही घरात काय बोलता?" ती म्हणाली, "जे बोलतस तेच." मग मी म्हणालो, "याला अहिराणी म्हणायचं का?" तिने हात धुतले, पदराला पुसले, माझ्याजवळ येऊन कागदाकडे बघितलं. "हाई बी लिखतस का कागदवर?"

"लिहितो."

"वाचा मंग."

मी आधीचं खोडून, बाजूला सही करून, वर लिहिलेलं वाचून दाखवलं, "अहिराणी."

"आखो वाचा," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. ती एवढंच म्हणाली, "बरं शे," आणि परत चाकाकडे गेली. तिला लिहिता येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. आमच्या दोघांत तो कागद होता, आणि त्या वेळी मला वाटलं की मी काहीतरी दिलं. आता वाटतं, तिने माझ्याकडून वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अक्कांकडे पोचलो. लीला घरी होती. ती दारात येऊन उभी राहिली, पण मधे बोलली नाही. मी विचारलं. अक्का माझ्याकडे बघून मग मुलीकडे बघून म्हणाली, "मनी आंडेर मराठी शिकाडस. मी नही." मी लिहिलं. मग अक्का म्हणाली, "मास्तर, तुमले बठ्ठं कळस. बोलत का नही?" मी म्हणालो, "चुकेल." ती इतकी हसली की शेजारच्या ओट्यावरची बाई काय झालं म्हणून उठून आली. "चुकीन! इतला मोठा मास्तर, चुकाले भ्यास!" हे त्या गल्लीत त्या संध्याकाळी चार घरांना सांगितलं गेलं.

मी लीलाला विचारलं, "तुमचं काय लिहू?"

ती म्हणाली, "उद्या सांगते."

मला वाटलं होतं तिचं उत्तर ठरलेलं असेल. तिनेच तर मला तिथे पाठवलं होतं. पण तिने रात्र घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात, परीक्षेच्या बाकांवर नंबर टाकत असताना ती म्हणाली, "अहिराणी लिहा. मराठी मी मेहनत करून मिळवली आहे, ती कागदावर नसली तरी कोणी नेणार नाही. पहिली मात्र लिहून ठेवली पाहिजे." मी उभ्या उभ्या लिहिलं. ती म्हणाली, "णी दीर्घ काढा. तुमची घाईत ऱ्हस्व होते." ती बरोबर होती.

गठ्ठा परत दिला तेव्हा निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर 'मराठी' तसंच होतं. हे मी शरदला मुद्दाम सांगतो, कारण लोकांना अशा गोष्टीचा शेवट विजयात हवा असतो. जुन्या धुळ्यातली पुष्कळ माणसं मला नीट विचारूनही मराठीच म्हणाली, आणि त्यांना तसं म्हणायची कारणं होती. पण आता ते त्यांनी सांगितलेलं होतं. नानांनी गठ्ठा चाळला, खाडाखोडीवरच्या सह्या पाहिल्या आणि म्हणाले, "माझी कोणी विचारली नाही अजून. माझा गणक कोण आहे रे?" तो गणक मागच्या रांगेत बसला होता. त्याने मान खाली घातली.

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. जळगावला वडिलांना ते पटायला वेळ लागला, पण लीलाने त्यांना पहिल्याच पत्रात असं मराठी लिहिलं की त्यांना दुरुस्त करायला एकही जागा सापडली नाही. ते पत्र ते पाहुण्यांना दाखवत.

आम्ही देवपुरात घर घेतलं. माझ्याशी ती मराठी बोलायची आणि बाकी सगळं तिचं अहिराणीत चालायचं. अक्काशी, भाजीवालीशी, कुंडीतल्या तुळशीशी, आणि शरद लहान असताना त्याच्याशी. रागावली की माझ्याशीही. आणि मी वाचत असलो की येता-जाता, "इतलं काय वाची राह्यनात?" मी मराठीत उत्तर द्यायचो. प्रत्येक वेळी. माझ्या लेखी आमच्यात ही एक ठरलेली गंमत होती. सगळ्या गल्लीला मी एकेक करून विचारून आलो होतो. घरात मात्र मी चाळीस वर्षं गणकासारखाच वागलो. ऐकलं, समजलं, आणि माझ्या भाषेत नोंदवलं.

शेवटच्या महिन्यात तिची मराठी गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या आजारात असं होतं, मागून शिकलेलं आधी जातं. तिने मेहनत करून मिळवलेली भाषा, जी कोणी नेणार नाही असं ती म्हणाली होती, ती एका आठवड्यात गेली, आणि पहिली उरली. ती पाणी मागायची, खिडकी लावायला सांगायची, आईला हाक मारायची, सगळं अहिराणीत. मला सगळं कळत होतं. मी म्हणायचो, "हो, देतो." "लावली खिडकी." "अक्का येतील." एका दुपारी तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही सायबना मायक बोलतस." साहेबासारखे बोलता. त्यात तक्रार नव्हती, तिला खरंच नवल वाटत होतं की हा ओळखीचा माणूस असा लांबून का बोलतो. मी तिचा हात धरला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, तिच्या भाषेत. मला क्रियापदाची खात्री नव्हती. मी ते बोललो नाही.

एवढंच आहे. यापेक्षा मोठं दुःख माझ्याकडे नाही, आणि हे मी आता कोणाशी झाकून ठेवत नाही.

दूध उतू गेलं त्या दिवसापासून मी रोज सकाळी पूल ओलांडून जातो. जुन्या धुळ्यातला भाजीबाजार, मग पेठ, मग पाच कंदील चौकात चहा, असं फिरून अकराच्या आत परत. आणि बोलतो. पहिल्या दिवशी मेथीवालीला विचारलं, "हाई मेथी कितलानी शे?" ती माझ्याकडे बघत राहिली. साठ-पासष्टची असेल. म्हणाली, "मास्तर, काय व्हयनं तुमले?" तिला वाटलं मी तिची थट्टा करतो आहे. मी म्हणालो, शिकतो आहे. ती म्हणाली, "आते?" मी म्हणालो, "आते." तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने पलीकडच्या लिंबंवाल्याला. आता मी दिसलो की लिंबंवाला लांबूनच विचारतो, "काय मास्तर, आज काय चुकाडतस?" मी चुकतो. 'शे' आणि 'शेतस' यांत घोटाळा करतो, जिथे 'मा' लावायचं तिथे 'त' लावतो. ते दुरुस्त करतात. मेथीवाली म्हणते, "तुमनी अहिराणी पुस्तकनी शे." ज्या भाषेचं पुस्तक मी कधी हातात घेतलं नाही, ती मी पुस्तकासारखी बोलतो, याला काय करावं. पण बोलतो. वयाच्या या टप्प्यावर चुकायची भीती गेली, हे मला माझ्या साऱ्या वाचनापेक्षा मोठं वाटतं, आणि हे मी नम्रतेने म्हणत नाही, खात्रीने म्हणतो.

शहर बदललं आहे. मोलवीगंजात माग कमी ऐकू येतात. साक्री रोड कुठल्या कुठे गेला. चार नंबरातल्या दुकानांवर काचा आल्या. देवपुरातली मेंदीची कुंपणं गेली आणि तीन मजले चढले. पण पूल ओलांडून डावीकडे वळलं की अजून ओट्यावर बिबड्या असतात, आणि अजून कोणीतरी कोणालातरी लीलाच्या आवाजात, तिच्या वाक्यात, ध्यान कुठे आहे म्हणून विचारत असतं. ते माझ्यासाठी नसतं. तरी मी वळून बघतो. पुण्यात मी वळून बघावं असं वाक्य कानावर येणार नाही. शरदला मला हे सांगायचं होतं.

काल रविवार होता. फोन आला. मी "बघू" म्हणालो नाही. मी म्हणालो, "मी येत नही. मी आठेच राहसू."

शरद सात-आठ वर्षांचा झाल्यावर आईशीही मराठीतच बोलायला लागला होता. शाळा, मित्र, मग पुणे. मला वाटलं होतं त्याच्यात आता त्यातलं काही उरलं नसेल.

मग तो म्हणाला, "आप्पा, राहसू नाही. ऱ्हासू."

"काय?"

"आई 'ऱ्हासू' म्हणायची. ऱ्ह. जोडून."

मी म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "आखो." मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "हां. आता बरोबर." मग त्याने फोन सुनेकडे दिला. सून म्हणाली, "काय झालं हो, आप्पा?" मी म्हणालो, काही नाही, मी इथेच राहणार आहे एवढं ठरलं. संध्याकाळी शरदचा पुन्हा फोन आला. घराबद्दल काही बोलला नाही. आज बाजारात काय काय बोललो ते त्याने विचारलं आणि दोन चुका काढल्या.

देवपुरात माझं घर आहे. जुन्या धुळ्यात सकाळी माझ्याशी बोलणारी पाच-सहा माणसं आहेत. पुण्यात एक आहे.